टूलवाल्याच्या आधी लेथला विचार

काल फोनवर तू विचारलंस, "ताई, कराडचा टूलवाला म्हणतो विडियाचे टूल आता कोणी वापरत नाही, इन्सर्टचे होल्डर घ्या. घेऊ का?" मी नुसतं "बघू" म्हणाले. टाळलं नाही गं. तुझा कारागीर शेजारीच उभा होता, स्पीकर चालू होता आणि त्याच्यासमोर टूलच्या खर्चाचं बोललं की त्याला वाटतं आपल्या हातावरच शंका घेतायत. आज निवांत आहे, सगळं सविस्तर सांगते. हे आपल्या दोघींतच राहू दे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. टूल स्वस्त की महाग हे त्याच्या बिलावरून ठरत नाही. त्या टूलनं एक नग कातायला एकूण किती रुपये पडले, त्यावरून ठरतं. त्या रुपयांत टूल असतं, लेथचा वेळ असतो, धार लावण्यात गेलेली मिनिटं असतात, कारागिराचा पगार असतो आणि रिजेक्ट होऊन परत आलेला मालही असतो. आपले लोक यातला फक्त पहिला आकडा बघतात, कारण तो रोख मोजावा लागतो. बाकीचे आकडे महिनाअखेरीला गुपचूप खिसा कापतात.

तू दुकानदाराला विचारलंस, मला विचारलंस. लेथला विचारलंस का? तुझ्या आधी वर्कशॉप चालवणाऱ्या अण्णांचा लेथ जुना, गिअरचा. सर्वात वरचा स्पीड पावणेआठशेच्या आसपास, मोटर ३ एचपी. बेड चकजवळ झिजलाय, क्रॉस स्लाइडला ढिलाई आहे. ही माहिती टूलवाल्याच्या कॅटलॉगमध्ये नसते. त्याच्या कॅटलॉगमध्ये लिहिलेलं असतं की या इन्सर्टनं स्टील मिनिटाला २२० मीटरनं काता. तेवढा वेग ५० मिमीच्या शाफ्टवर हवा असेल तर लेथ १४०० आरपीएमनं फिरायला पाहिजे. तुझा फिरतो का? सीएनसीवाल्यासाठी बनवलेली धार आपल्या लेथवर लावली आणि निम्म्या वेगानं चालवली, तर दाम पूर्ण आणि काम अर्धं. उलट ती धार कधीकधी कमी वेगावरच लवकर जाते, कारण कापलेला धातू टोकाला चिकटतो आणि सुटताना धारेचा टवकाही घेऊन जातो.

मोटरचंही तसंच. ईएन एट स्टीलवर १२० मीटरचा वेग, ०.२ मिमी फीड आणि दीड मिमीचा काप घेतलास तर कापायलाच साधारण सव्वा किलोवॅट लागतात. ३ एचपी म्हणजे सव्वादोन किलोवॅट, त्यातला काही भाग गिअर आणि पट्टे खातात, तरी काम निभेल. तोच काप अडीच मिमीचा केलास की मोटर कण्हायला लागेल, पट्टा घसरेल आणि टूल मालात अडकून तुटेल. मग म्हणशील, इन्सर्ट खराब निघाला.

आता हिशेब मांडू. आकडे मी समजुतीसाठी धरते, तू तुझे घाल. समज, उसाच्या ट्रॉलीच्या पिना आहेत, ५० मिमी व्यासाच्या, २०० मिमी लांब, शंभर-दीडशे नगांचा लॉट. लेथचा तास ३०० रुपये धरू, म्हणजे मिनिटाला ५ रुपये. विडियाच्या, म्हणजे कार्बाइडची टिप ब्रेझ केलेल्या टूलनं ५०० आरपीएम आणि ०.१५ फीडवर एक पास मारायला दोन मिनिटं चाळीस सेकंद लागतात. इन्सर्टनं ७७५ आरपीएम आणि ०.२ फीडवर सव्वा मिनिट. लेथच्या वेळातच नगामागे सातेक रुपये वाचले. आता धारेचा खर्च. सहा टोकांचा इन्सर्ट २७० रुपयांना धरला तर एक टोक ४५ रुपयांचं, त्यावर पंधरा नग निघाले तर नगाला ३ रुपये. विडियाचं टूल दीडशेचं आणि दहा वेळा धार लावता येते असं धरलं तर एका धारेला १५ रुपये. पण धार लावून परत सेंटर जुळवायला दहा मिनिटं जातात, ते ५० रुपये कोण मोजतं? एका धारेवर नऊ नग धरले तर नगाला सात रुपये. दोन्ही मिळून नगामागे अकरा रुपयांचा फरक पडला. दीड हजाराचा होल्डर दीडशेच्या पहिल्याच लॉटमध्ये वसूल.

पण हाच हिशेब चार नगांच्या कामाला करून बघ. एखाद्या शेतकऱ्याचा पंपाचा शाफ्ट झिजलाय, त्याला वेल्डिंग भरून परत कातायचाय. वेल्डिंगचा थर कुठे मऊ, कुठे दगडासारखा, वर खड्डेही असतात. तिथे नवा इन्सर्ट लावलास तर पहिल्याच फेरीत टोक उडेल आणि पंचेचाळीस रुपये गेले. तिथे अण्णांचं विडियाचं टूल बरं. टवका उडाला तर परत दगडावर धरायचं. म्हणून टूलवाल्यानं "आता कोणी वापरत नाही" म्हटलं की हसून सोडून दे. हायवेच्या कडेला, नदीकाठच्या मोटारपंपांवर आणि कारखान्यांच्या गळीत हंगामावर जगणाऱ्या वर्कशॉपला दोन्ही लागतं. ऑक्टोबरनंतर ट्रॉली, बुश, पिना यांचे लॉट येतात तेव्हा इन्सर्ट. उन्हाळ्यात जळालेल्या पंपांची एकेकटी कामं येतात तेव्हा विडिया आणि एचएसएस, म्हणजे हायस्पीड स्टील.

एचएसएसला तर कमी लेखूच नकोस. फॉर्म टूल, गोलाई, एखादी विचित्र खाच, बारीक आटे, पितळेचं नाजूक काम. चौकोनी कांडी घ्यायची आणि हवा तो आकार घासायचा. वेग कमी ठेवावा लागतो, साध्या स्टीलवर मिनिटाला पंचवीस-तीस मीटर, पण अशा कामात वेगाची घाई असतेच कुणाला?

धार लावण्याबद्दल मात्र कडक राहा. कारागीर सगळं एकाच दगडावर घासतात. एचएसएसला करडा किंवा पांढरा दगड, विडियाला हिरवा दगड. करड्या दगडावर विडिया घासला तर कापला जात नाही, नुसता तापतो, आणि तापलेलं टूल पाण्यात बुडवलं की कार्बाइडच्या टिपला केसासारख्या भेगा जातात. त्या डोळ्याला दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी टोक तुटतं तेव्हा दोष मालाला दिला जातो. एचएसएस पाण्यात बुडवलं तर चालतं, किंबहुना घासताना मधेमधे बुडवावंच. ग्राइंडरजवळ दोन्ही दगडांवर खडूनं लिहून ठेव, कुठलं कशासाठी. तुझ्या कारागिराला सांगितलेलं आवडणार नाही, लिहिलेलं चालेल.

बरं, इन्सर्ट घ्यायचाच तर कुठला? इथे दुकानदार तुला सीएनएमजी १२०४०८ देईल, कारण त्याचा तोच सगळ्यात जास्त खपतो. इन्सर्ट चांगला आहे, पण दोन्ही बाजू मिळून चारच टोकं कामाची. डब्ल्यूएनएमजीला सहा मिळतात, टीएनएमजीलाही सहा. त्यात डब्ल्यूएनएमजीचं टोक ८० अंशांचं, म्हणजे दणकट, आणि खांद्यापर्यंत टर्निंग झालं की त्याच टूलनं फेसिंगही करता येतं. टीएनएमजीचं टोक ६० अंशांचं, थोडं नाजूक, पण अडचणीच्या जागी जातं. एसएनएमजीला आठ टोकं मिळतात, फक्त त्यानं खांदा मारता येत नाही. टोकं मोजून भाव करायला शीक.

आणि एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. तुझा लेथ दोन मिमीपेक्षा खोल काप घेत नाही, मग डब्ल्यूएनएमजी ०८०४०८ कशाला? त्याचाच धाकटा भाऊ ०६०४०८ मिळतो. कार्बाइड कमी म्हणून किंमतही कमी, टोकं मात्र तितकीच सहा. होल्डर २० मिमी शँकचा घे. तुझ्या टूलपोस्टवर २५ चा बसवला तर धार सेंटरच्या वर जाईल आणि मग कारागीर होल्डरच घासत बसेल.

हे सगळे उलटसुलट बसणारे, निगेटिव्ह इन्सर्ट. त्यांना दाब जास्त लागतो. झिजलेल्या बेडवर बारीक लांब शाफ्ट कातताना ते किरकिर करतील, मालावर लाटा उमटतील. तशा कामाला आणि बोअरिंगला एक पॉझिटिव्ह होल्डर ठेव, सीसीएमटीचा. त्याला दोनच टोकं, म्हणजे टोकामागे महाग, पण तो हलक्या हातानं कापतो. थरथर होऊन चार शाफ्ट भंगारात गेले तर टोकाच्या किमतीचं काय घेऊन बसायचं?

आकड्यातले शेवटचे ०८ आणि ०४ म्हणजे नाकाची गोलाई, ०.८ आणि ०.४ मिमी. यावर पार्टीशी भांडणं होतात. ०.२ फीडवर ०.४ चं नाक कागदावरच साडेबारा मायक्रॉनच्या खुणा सोडतं, ०.८ चं नाक सव्वासहा. म्हणजे फीड तोच ठेवून नुसतं नाक बदललं तर फिनिश दुपटीनं सुधारतं. कारागीर मात्र फिनिशसाठी फीड कमी करत करत ०.०५ वर आणतो, वेळ चौपट करतो, आणि तेवढ्या बारीक फीडला चिपब्रेकर काम करत नाही, त्यामुळे चिपेची लांबच लांब दोरी सुटते. ती दोरी चकमध्ये गुंडाळली जाते.

इथे थांबून तुला दटावते. त्या दोरीला हात लावायचा नाही, हुकनं ओढायची, तीही लेथ बंद करून. ओढणी घेऊन लेथजवळ जायचं नाही. बांगड्या काढायच्या, वेणी टोपीत घालायची, आणि हातमोजे घालून तर चालू लेथजवळ मुळीच नाही. मोजा अडकला तर हात आत ओढला जातो. आईला चालेल का विचारू नकोस, बांगड्या मी काढायला लावल्या म्हणून सांग.

माल ओळखून ग्रेड घे. डब्यावर रंगाचे पट्टे असतात. निळा स्टीलला, पिवळा स्टेनलेसला, लाल बिडाला, हिरवा गनमेटल-पितळ-अॅल्युमिनियमला. ईएन एटच्या पिनांना निळा. पी १० असा लहान आकडा असला की धार कडक, जास्त टिकणारी, पण ठिसूळ. पी ३५ सारखा मोठा आकडा म्हणजे चिवट. की-वे पडलेला शाफ्ट किंवा चौकोनी बार कातताना प्रत्येक फेरीला ठोके बसतात, तिथे चिवटच घे. सोनेरी दिसतो म्हणून चांगला, असं समजू नकोस. तो रंग लेपाचा असतो, आणि गनमेटलच्या बुशला तर लेप नसलेला, चकचकीत धारेचा इन्सर्टच बरा चालतो.

बिडाचं वेगळं सांगावं लागेल. शिरोलीच्या फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग हातात घेऊन बघ, वरची साल खरखरीत असते, तिच्यात वाळूचे कण रुतलेले असतात आणि कडा लवकर निवल्यामुळे जास्तच कडक. कारागीर भीतीनं पहिला काप अर्ध्या मिमीचा घेतो. म्हणजे टोक नेमकं सालीत, वाळूत घासत फिरतं आणि दोन नगांत बोथट होतं. पहिला काप सालीच्या खाली गेलाच पाहिजे, दोन मिमी तर दोन मिमी, हवा तर वेग कमी कर. म्हणजे टोक आतल्या मऊ बिडात चालतं आणि सालीशी झुंजते ती धारेची वरची कड. या एका सवयीनं जेवढी टोकं वाचतील तेवढी कुठल्या डिस्काउंटनं वाचणार नाहीत. बीड कोरडंच कातायचं, कूलंट सोडला तर भुकटीचा चिखल होऊन बेड खातो. स्टीलवर कूलंट सोडायचा तर सलग धारेनं सोडायचा. डबीनं थेंब थेंब टाकलास तर कार्बाइड तापतो-निवतो, तापतो-निवतो आणि तडकतो. त्यापेक्षा कोरडं बरं.

बिडाचा विषय निघाला की मला आपली वाडी आठवते. आपली म्हणजे किर्लोस्करवाडी गं. १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणरावांनी कारखाना मांडला, बिडाचे नांगर ओतले, पुढे पंप केले. आणि त्याच वाडीतून १९३० साली 'स्त्री' मासिक निघालं. नांगर आणि बायकांचं मासिक एकाच आवारातून बाहेर पडत होतं. तेव्हा तुला कोणी म्हणालं, बाईमाणसाला कातकामातलं काय कळतंय, तर त्याला वाडीचा रस्ता दाखव.

वेगाबद्दल एक पक्कं गणित आहे. टेलर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं वर्षानुवर्षं धातू कापून बघितले आणि १९०६ साली ते मांडलं. वेग आणि धारेचं आयुष्य यांचं नातं सरळ नाही. कार्बाइडवर वेग वीस टक्के वाढवलास तर धार निम्मीच टिकते, एचएसएसवर तर पावच. फीड वाढवण्याचा फटका त्या मानानं कमी. म्हणून घाई असेल तेव्हा आधी काप खोल घे, मग फीड वाढव, वेगाला सगळ्यात शेवटी हात लाव. कारागीर नेमकं उलटं करतात, कारण गिअर बदलला की आवाज वाढतो आणि काम झपाट्यानं चाललंय असं वाटतं.

आता स्वस्त मालाचं. बाजारात निनावी डब्यांतले इन्सर्ट निम्म्याहून कमी भावात मिळतात, खुलेही मिळतात. सगळेच वाईट असतात असं नाही. अडचण वेगळीच आहे. एका डब्यातलं एक टोक पंधरा नग देतं, दुसरं चारच. किती नगांनंतर टोक फिरवायचं हे ठरवताच येत नाही, मग कारागीर धार पूर्ण मरेपर्यंत चालवतो आणि माप हलतं. नामांकित कंपन्यांच्या नावाचे नकली डबेही फिरतात. अधिकृत डीलरकडून घे, डब्यावरचा बॅच नंबर आणि इन्सर्टवरचा ग्रेड जुळतोय ना बघ, आणि पक्कं बिल घे. बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, तू नोंदणी केलेली असलीस तर तो वळता होतो. बिलाशिवायचा "स्वस्त" माल मग तितका स्वस्त राहत नाही. असा निनावी माल घ्यायचाच तर एकच डबा घे, एकाच जॉबवर चालव, आणि प्रत्येक टोकानं किती नग दिले ते लिही. चांगला निघाला तर घे बिनधास्त, मला ब्रँडचं सोवळं नाही.

लिहिण्याची वही वेगळी कर. जॉब, माल, आरपीएम, फीड, किती नगांनंतर टोक बदललं, एवढंच. वापरलेल्या टोकावर मार्कर पेननं ठिपका द्यायचा, नाहीतर सहापैकी दोन टोकं न वापरताच इन्सर्ट फेकले जातात. हे मी डोळ्यांनी बघितलंय, टूलरूममध्ये असताना. कचऱ्याच्या डब्यातून कोरी टोकं निवडून काढायचो आम्ही. होल्डरचा बसायचा खळगा फडक्यानं पुसायचा, खालचा शिम तडकला असेल तर लगेच बदलायचा. पन्नास-शंभराचा शिम वाचवायला जाऊन लोक अख्खा डबा फोडतात. आणि टूल टूलपोस्टच्या बाहेर शँकच्या उंचीच्या दीडपटीपेक्षा जास्त काढायचं नाही, २० चा शँक तर तीस मिमी, बस.

कारागिराला दुखवू नकोस. त्याचा हात अण्णांच्या वेळचा आहे, विडियाला त्याच्यासारखी धार तुझ्या गावात दुसरा लावत नसेल. त्याला सांग, नव्या होल्डरवर लॉटचं काम आणि जुन्या टूलवर तुमचं खास काम. वाचलेल्या पैशातून दिवाळीला त्याच्या हातात काहीतरी ठेव, आणि कशातून वाचले तेही सांग. मग वही तोच भरेल.

सध्या एवढंच घे. २० शँकचा डब्ल्यूएनएमजी ०६ चा एक होल्डर, त्याचा स्टीलचा एक डबा आणि बिडाचा एक, दोन्ही ०.८ नाकाचे. सीसीएमटीचा एक होल्डर आणि ०.४ नाकाचे मोजके इन्सर्ट. हिरवा दगड नवा. पार्टिंगला अजून वर्षभर एचएसएसची पट्टीच चालू दे, ढिल्या क्रॉस स्लाइडवर पार्टिंगचा इन्सर्ट म्हणजे पैसे तारळी नदीत टाकणं. आधी स्लाइडच्या गिबा आवळून घे, तो खर्च नाही, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आणि कार्बाइडची मेलेली टोकं, तुटलेल्या टिपा लोखंडी भंगारात जाऊ देऊ नकोस. भंगारवाला मुकाट्यानं घेईल, कारण त्याला कळतं. त्यात टंगस्टन असतं. जगातलं बहुतेक टंगस्टन चीनमधून येतं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये चीननं त्याच्या निर्यातीवर नियंत्रण आणल्यापासून भाव चढलेत. ग्राइंडरखाली एक झाकणाचा डबा ठेव, त्यात फक्त कार्बाइड टाकायचा, ब्रेझिंगच्या टिपा वेगळ्या. डबा भरला की दोन-तीन ठिकाणी किलोचा भाव विचार, आणि विकायच्या आधी मला फोन कर. कराडात एकजण मागच्या वेळी काट्यावर बोट ठेवत होता, त्याचं दुकान कुठलं ते फोनवर सांगते.